इवान कोणाचा, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘इवान’ या एका नावावर अख्खं पान दिलंत. झार, लेखक, शास्त्रज्ञ, टेनिसपटू, नाटकं, सिनेमे, परीकथा सगळं एकत्र. असा विषय रोजच्या पेपरात सहसा वाचायला मिळत नाही, म्हणून पान उघडल्या उघडल्या फार बरं वाटलं, ज्यांनी ते लावलं त्यांचं मनापासून अभिनंदन. पण वाचत गेलो तसा जीव खालीवर व्हायला लागला, कारण मथळ्यात ‘आयव्हन’, मजकुरात ‘इव्हान’ आणि फोटोंच्या ओळीत ‘इवान’, म्हणजे ज्या नावावर पान तेच नाव तीन प्रकारे छापलंय. तेही एक वेळ चालून गेलं असतं, पण बहुतेक ठिकाणी माणसाच्या नावातून वडिलांचं नाव काढून टाकलंय आणि जिथे ठेवलंय तिथे ते आडनाव समजून वापरलंय. मी बरीच वर्षं प्रुफं तपासायचं काम केलंय आणि रशियन भाषा हौसेनं शिकलोय, त्यामुळे हे पत्र जरा लांबलंय, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आधी उच्चाराचं. रशियनमध्ये या नावाचा जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, इ-वा‌न, पहिला ‘इ’ आखूड आणि ‘वा’ लांब. ‘आयव्हन’ हा इंग्रजी तोंडातून आलेला उच्चार आहे, रशियन बोलणारा एकही माणूस स्वतःचं नाव तसं सांगत नाही. मराठीत ‘इवान’ लिहिलं की आपण जवळजवळ बरोबरच वाचतो, देवनागरीत एवढी सोय असताना इंग्रजीच्या मार्गाने वळसा घालून यायचं कशाला? व की व्ह यावर वाद घालणारे घालतील, मला ‘इवान’ जवळचं वाटतं, तुम्हाला ‘इव्हान’ वाटत असेल तर तेच ठेवा पण एकच ठेवा. चेकॉव्ह, टॉलस्टॉय वगैरे नावं मराठीत रुळलीयत, त्यांना हात लावा असं मी म्हणत नाहीये.

दुसरं म्हणजे तुम्ही इवानला ‘अस्सल स्लाव्ह नाव’, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन वगैरे भाषा बोलणाऱ्यांचं मूळचं नाव, म्हटलंय, ते पूर्ण खरं नाही. मूळ नाव हिब्रू, योहानान, अर्थ ‘देवाने कृपा केली’, तिथून ग्रीकमध्ये इओआनेस झालं आणि ख्रिस्ती धर्माबरोबर स्लाव्ह लोकांत शिरलं. म्हणजे इंग्रजीतला जॉन तोच हा इवान. व्लादिमीर, स्व्यातोस्लाव्ह, बोगदान, मिलान ही मातीतली स्लाव्ह नावं. पण चर्चच्या पंचांगात योहान नावाचे संत इतके की वर्षभर कुठे ना कुठे त्या नावाचा दिवस यायचाच, आणि मूल जन्मलं की जवळच्या दिवसाच्या संताचं नाव ठेवायचं अशी पद्धत, त्यामुळे गावंच्या गावं इवानांनी भरली. चेक आणि पोलिश लोकांकडे याच नावाचा यान झाला, सर्बियात योव्हान. जून संपता संपता, आणि जुन्या कॅलेंडरमुळे आता ७ जुलैला, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या जन्माचा सण येतो, त्याला लोक इवान कुपाला म्हणतात, आगीवरून उड्या मारतात, नदीत फुलांचे मुकुट सोडतात. गोगोलची एक सुरुवातीची कथा त्याच रात्रीवर आहे आणि मुसोर्गस्कीने १८६७ मध्ये टेकडीवरच्या चेटकिणींवर जे संगीत लिहिलं तेही ‘इवानच्या रात्री’चंच. तुमच्या पानावर यातलं काहीच नव्हतं, जागा नसेल, समजू शकतो.

आता खरा मुद्दा. इतका कॉमन झालेला शब्द नाव म्हणून एकटा काही सांगतच नाही. म्हणून रशियन माणसाच्या नावात तीन भाग असतात, स्वतःचं नाव, मग वडिलांच्या नावापासून केलेलं नाव, मग आडनाव. मराठी वाचकाला ही मांडणी परकी नाही, क्रमसुद्धा आपलाच आहे. फरक एवढाच की तिथे वडिलांच्या नावाला शेपूट लागतं, इवानचा मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्ना, इल्याचा मुलगा इल्यीच, प्योत्रचा पेत्रोविच. आमच्या रशियनच्या पहिल्याच तासाला बाईंनी प्रत्येकाला वडिलांचं नाव विचारलं आणि वसंत म्हटल्यावर फळ्यावर लिहिलं वसंतोविच, शेजारच्या मुलीच्या वडिलांचं नाव दिनकर म्हणून ती दिनकरोव्ना, आणि त्या दिवसापासून वर्ग संपेपर्यंत बाईंनी आम्हाला त्याच नावांनी हाक मारली. तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. नंतर पुस्तकं वाचायला लागल्यावर कळलं की तिथे ‘साहेब’, ‘राव’, ‘जी’ असं वेगळं काही लावत नाहीत, मान द्यायचा तर नाव आणि वडिलांचं नाव मिळून हाक मारायची, आडनाव त्यात येतच नाही. मास्तर, डॉक्टर, ऑफिसातला वरिष्ठ, सासरे, सगळ्यांना असंच.

म्हणून तुमच्या पानावर ‘डेनिसोविच यांचा एक दिवस’ असं वाचलं तेव्हा मला राहवलं नाही. डेनिसोविच हे आडनाव नाही! त्या माणसाचं नाव इवान डेनिसोविच शुखोव्ह, म्हणजे कुणा डेनिसचा मुलगा इवान, आडनाव शुखोव्ह. सोल्झेनित्सिनने कथा लिहिली तेव्हा हस्तलिखितावर नाव होतं ‘श्च-८५४’, हा सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावणीतल्या कैद्याचा नंबर, टोपीवर आणि कपड्यांवर रंगवलेला. ‘नोव्ही मीर’ मासिकात ती छापायची ठरली तेव्हा तिथे नाव बदललं आणि नोव्हेंबर १९६२ च्या अंकात ‘इवान डेनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’ असं आलं. कथेत निवेदक त्याला बहुतेक जागी नुसतं शुखोव्ह म्हणतो, शिपायांसाठी तो नंबर आहे, आणि मुखपृष्ठावर मात्र त्याला नाव आणि वडिलांचं नाव लावून हाक मारलीय, जशी एखाद्या मान्यवर माणसाला मारतात तशी. सुतारकाम, गवंडीकाम करणाऱ्या खेड्यातल्या माणसाला दिलेला तो मान आहे आणि रशियन वाचकाला तो पहिल्या ओळीच्या आधीच, कव्हरवरच कळतो. तुम्ही ‘डेनिसोविच यांचा’ केलंत की तो गेला, उरला नुसता एक परदेशी शब्द.

टॉलस्टॉयच्या इवान इल्यीचचंही तसंच. त्याचं आडनाव गोलोविन, कोर्टातला अधिकारी, पंचेचाळिसाव्या वर्षी मरतो, पुस्तक १८८६ चं. तुमच्याकडे ‘न्यायाधीश इल्यीच’ छापलंय. त्या पुस्तकात एक जागा आहे, सहाव्या प्रकरणात, ती मी कितीदा वाचली असेल याची गणती नाही. आजारी इवान इल्यीचला तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य आठवतं, कायस हा माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. आणि त्याला वाटतं कायसचं ठीक आहे, तो कुणीतरी माणूस, पण मी काही कायस नाही, मी तर वान्या होतो, आई होती, बाबा होते, मीत्या आणि वोलोद्या होते, आणि पट्ट्यापट्ट्यांचा तो चामड्याचा चेंडू, त्याचा वास वान्याला किती आवडायचा, तो वास कायसला माहीत होता का? बघा, ऑफिसातला इवान इल्यीच आणि घरातला वान्या ही एकाच माणसाची दोन नावं आहेत आणि बायको तर त्याला फ्रेंच पद्धतीने ‘झाँ’ म्हणते म्हणजे तिसरंही. मरणाच्या भीतीचा अख्खा परिच्छेद या नावांवर उभा आहे. वान्या म्हणजे इवानच, हे वाचकाला माहीत नसेल तर त्याला वाटेल हा कोण नवीन पोरगा मध्येच आला.

आणि इथेच तुमच्या पानाची सगळ्यात मोठी चूक झालीय, चेकॉव्हचं ‘अंकल वान्या’ तुम्ही इवानच्या यादीत घेतलंच नाहीत. वान्या हे इवानचं लाडाचं नाव आहे, बंड्या, बाळ्यासारखं, वान्या, वान्का, वान्यूशा, वानेच्का, सगळे इवानच. नाटकातल्या माणसाचं पूर्ण नाव इवान पेत्रोविच वोइनित्स्की. बाहेरचे त्याला इवान पेत्रोविच म्हणतात, आई ‘झाँ’ म्हणते, आणि ‘द्याद्या वान्या’ म्हणते ती सोन्या, म्हणजे नाटकाचं नाव सोन्याच्या तोंडचं आहे. आता ही सोन्या त्याची कोण? त्याच्या वारलेल्या बहिणीची, वेरा पेत्रोव्नाची मुलगी. म्हणजे वान्या तिचा मामा. रशियन ‘द्याद्या’ला काका-मामा असा फरक नाही, इंग्रजी ‘अंकल’ला नाही, पण मराठीला आहे, आपल्या भाषेत हे नातं एका शब्दात येतं आणि तरी आपण ‘अंकल’ लिहितो, फार तर ‘वान्याकाका’. मला कळत नाही याचं कुणाला वाईट कसं वाटत नाही.

कारण त्या नाटकात मामा असण्यालाच सगळा अर्थ आहे. ती शेतजमीन बहिणीच्या हुंड्यासाठी घेतलेली, त्यासाठी वान्याने वारशातला स्वतःचा वाटा सोडला, वर दहा वर्षं बैलासारखा राबून कर्ज फेडलं, बहीण गेली तरी पंचवीस वर्षं तिथेच हिशेब ठेवत बसला आणि पै-पै मेव्हण्याला पाठवत राहिला, तो मेव्हणा म्हणजे निवृत्त प्रोफेसर सेरेब्र्याकोव्ह, ज्याने दुसरं लग्न केलंय आणि आता येऊन म्हणतो की ही जमीन विकू या. जमीन तर सोन्याची, आईकडून आलेली. तिसऱ्या अंकात वान्या पिस्तूल झाडतो, दोनदा, आणि दोन्ही वेळा नेम चुकतो. हे सगळं वाचताना ‘काका’ असेल तर तो प्रोफेसरचा भाऊ ठरतो आणि भांडण भावाभावांचं वाटायला लागतं. ‘मामा’ म्हटलं की एका शब्दात कळतं की हा मेलेल्या बहिणीच्या मुलीसाठी आयुष्य घालवलेला माणूस आहे, आणि शेवटी दिवा लावून हिशेबाच्या वह्या उघडून मामा-भाची शेजारी शेजारी बसतात, ती त्याला धीर देते, तेव्हा ते चित्र आपल्या मनात नीट बसतं. ‘वान्यामामा’ लिहा. माझी ही अगदी हात जोडून विनंती आहे.

चेकॉव्हचं निघालंय तर त्याचा दुसरा इवानही तुमच्याकडून राहिला, ‘वान्का’, १८८६ ची छोटीशी कथा. नऊ वर्षांचा वान्का झुकोव्ह चांभाराकडे कामाला ठेवलाय, नाताळच्या आदल्या रात्री मालक-मालकीण चर्चला गेल्यावर गंजक्या निबाने चुरगळलेल्या कागदावर आजोबांना पत्र लिहितो की मला इथून घेऊन जा. पाकिटावर लिहितो ‘गावी आजोबांना’. मग डोकं खाजवतो, विचार करतो आणि भर घालतो, ‘कोन्स्तान्तिन माकारिच’. गावाचं नाव नाही, आडनाव नाही, पण आजोबांच्या वडिलांचं नाव आहे! त्या पोराला मोठ्या माणसाचं नाव म्हणजे तेवढंच माहीत आहे, नाव आणि बापाचं नाव.

गोगोलची तर एक अख्खी कथा यावरच चालते, १८३४ ची, मीरगोरोद गावातले दोन शेजारी, दोघंही इवान, एक इवान इवानोविच, दुसरा इवान निकिफोरोविच. गोगोल म्हणतो एकाचं डोकं शेपटी खाली केलेल्या मुळ्यासारखं आणि दुसऱ्याचं शेपटी वर केलेल्या मुळ्यासारखं. जिवाभावाचे दोस्त. मग एका जुन्या बंदुकीवरून बोलणं निघतं, इवान इवानोविच बदल्यात एक डुकरीण आणि ओटची दोन पोती द्यायला तयार, दुसरा नाही म्हणतो आणि शब्दाला शब्द वाढून त्याला ‘हंसनर’ म्हणतो. झालं, कोर्टकचेऱ्या, वर्षानुवर्षं. या कथेतून वडिलांची नावं काढली तर भांडण कोणाचं कोणाशी हेच कळणार नाही, ‘इवानचं इवानशी भांडण’ एवढंच राहील, आणि तुमच्या पानावर नेमकं तसंच छापलं होतं.

डोस्टोव्हस्कीच्या ‘करमाझोव्ह बंधू’ कादंबरीतल्या इवान करमाझोव्हबद्दल तुम्ही छान लिहिलंय, तो भाग मला आवडला, पण तिथेही इवान फ्योदोरोविच असं पूर्ण द्यायला हवं होतं. कारण तिघा भावांच्या नावात फ्योदोरोविच आहे ते ठीकच, बाप फ्योदोर, पण घरातला स्वयंपाकी स्मेर्द्याकोव्ह, ज्याचा बाप कोण हे कुणी उघड सांगत नाही, त्यालाही लोक पावेल फ्योदोरोविच म्हणतात आणि म्हातारा फ्योदोर त्यावर हरकत घेत नाही. खुनाची आणि बापाची कादंबरी, आणि चौथा भाऊ कोण ते नावात लिहून ठेवलंय. याच लेखकाच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या दुसऱ्या कादंबरीत कुऱ्हाडीने मारल्या जातात त्या सावकारीण म्हातारी आणि तिची सावत्र बहीण, आल्योना इवानोव्ना आणि लिझावेता इवानोव्ना, आया वेगळ्या, बाप एकच, कुणीतरी इवान, जो पुस्तकात कुठेच दिसत नाही.

आता झारांकडे येतो. इवान तिसरा (१४४०–१५०५) आणि त्याचा नातू इवान चौथा (१५३०–१५८४) यांची तुमच्या पानावर गल्लत झालीय, ‘इवान द ग्रेट’च्या, म्हणजे तिसऱ्याच्या, फोटोखाली १५४७ चा राज्याभिषेक दिलाय, तो नातवाचा, रशियाचा पहिला राज्याभिषिक्त झार तो. गल्लत होणं साहजिक आहे हे मीही मान्य करतो, कारण इथे वडिलांचं नावसुद्धा मदतीला येत नाही, आजोबाही इवान वासिल्येविच आणि नातूही इवान वासिल्येविच, एकाचा बाप दुसरा वासिली, दुसऱ्याचा तिसरा वासिली. अशा वेळी साल छापणं हा एकच उपाय. (या एकसारख्या नावावर सोव्हिएत काळात एक फार गाजलेला सिनेमा निघाला, १९७३ मध्ये, बुल्गाकोव्हच्या नाटकावरून, त्यात सोसायटीचा व्यवस्थापक इवान वासिल्येविच आणि झार इवान वासिल्येविच यांची कालयंत्राने अदलाबदल होते, दोन्ही भूमिका युरी याकोव्हलेव्हच्या. नाव तेच म्हणून तर गोष्ट.) आणि क्रेमलिनमधला ‘इवान वेलिकी’ घंटामनोरा, ८१ मीटर उंच, त्याचं नाव तुम्ही झारवरून आलं असं लिहिलंय तेही तसं नाही, तिथे संत योहानाचं, ‘शिडीवाल्या योहाना’चं चर्च होतं त्यावरून ते नाव आहे.

इवान चौथ्याला इंग्रजीत ‘इवान द टेरिबल’ म्हणतात, त्यातल्या ‘टेरिबल’चं भाषांतर ‘भयानक’ केलंय. रशियन शब्द ‘ग्रोझ्नी’, आणि त्याच्याच घरातला ‘ग्रोझा’ म्हणजे गडगडाटी वादळ. त्यात धाक आहे, जरब आहे. ‘उग्र’ म्हटलं असतं तर जास्त जवळ गेलं असतं असं मला वाटतं, भयानक म्हणजे भूतबंगला वाटतो.

रेपिनच्या चित्राखाली तुम्ही ‘झार आणि त्याचा मुलगा’ एवढंच दिलंय. चित्राचं खरं नाव ‘इवान ग्रोझ्नी आणि त्याचा मुलगा इवान, १६ नोव्हेंबर १५८१’ असं आहे. मुलगाही इवान! इवान इवानोविच, सत्तावीस वर्षांचा, गादीचा वारस. बापाने रागाच्या भरात लोखंडी टोकाची काठी हाणली असं सांगतात, आणि तो तीन दिवसांनी गेला. चित्रात काठी गालिच्यावर पडलीय, गालिचा चुरगळलाय, मागे आसन उलटलंय, आणि काळ्या कपड्यातला म्हातारा मुलाला छातीशी धरून बसलाय, एका हाताने त्याने मुलाच्या कानशिलावरची जखम दाबून धरलीय आणि बोटांमधून रक्त येतंय. त्याचे डोळे बघा, फाटलेले, आत्ता कळलंय त्याला काय झालं ते. मुलाचा चेहरा मात्र शांत आहे, त्यासाठी रेपिनने लेखक गार्शिनला समोर बसवलं होतं. हे चित्र १८८५ चं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे, १९१३ मध्ये एकाने सुरीने चेहऱ्यांवर तीन वार केले, म्हातारा रेपिन स्वतः दुरुस्तीला आला, २०१८ मध्ये दुसऱ्या एकाने लोखंडी खांबाने काच फोडून पुन्हा कॅनव्हास फाडला. इवानने इवानला मारलं, आपलंच नाव आणि आपलाच वंश, त्यानंतर गादीवर आला तो दुसरा मुलगा फ्योदोर, आणि १५९८ ला त्याच्याबरोबर रुरिक घराणं संपलं. ‘त्याचा मुलगा’ एवढंच छापलंत तर यातलं काय पोचणार वाचकापर्यंत?

याच इवान चौथ्यावरच्या आयझेनस्टाइनच्या सिनेमाबद्दलची माहिती बरोबर आहे, पहिल्या भागाला स्टालिन पारितोषिक आणि दुसरा भाग १९५८ पर्यंत बंद. फक्त तो दाखवला गेला तेव्हा आयझेनस्टाइन जाऊन दहा वर्षं झाली होती, हे एक वाक्य यायला हवं होतं.

‘रशियन इवान’ या चौकटीत तुम्ही इवान फ्रान्को घातलाय, ते अजिबात बरोबर नाही. फ्रान्को (१८५६–१९१६) युक्रेनियन कवी, त्याच्या नावाने युक्रेनमध्ये इवानो-फ्रान्किव्स्क शहर आहे. इवान कोत्ल्यारेव्स्कीही तिकडचाच, १७९८ मध्ये त्याने रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या ईनिअसला कोसॅक बनवून बोलीभाषेत काव्य छापलं आणि आधुनिक युक्रेनियन साहित्य तिथून सुरू झालं असं मानतात. लेखक इवान वाझोव्ह बल्गेरियाचा, सोफियाचं राष्ट्रीय नाट्यगृह त्याच्या नावाने आहे. लेखक इवान त्सांकार स्लोव्हेनियाचा, शिल्पकार इवान मेश्त्रोविच क्रोएशियाचा. आणि मेश्त्रोविचमधला ‘विच’ हा वडिलांचं नाव नाही बरं का, ते आडनावच आहे, तिकडे क्रोएशिया, सर्बियात सहसा असं नाव मध्ये लावत नाहीत, तिथे जुनी बापाची नावंच आडनावं होऊन बसलीत. तुमच्या टेनिसच्या चौकटीतले गोरान इवानिशेविच आणि आना इवानोविच हे असे आडनावातून इवान झालेले. म्हणजे आनाचे वडील इवान असतील असं समजू नका, रशियन बाई असती तर इवानोव्ना झाली असती. इवो आंद्रिच, १९६१ चा नोबेलवाला, त्याचं जन्मनाव इवान, हे तुमच्याकडून सुटलंय.

आणि १९६२ हे साल. त्या एका वर्षात मेश्त्रोविच वारला, स्तानिस्लाव शहराचं नाव इवानो-फ्रान्किव्स्क झालं, ‘इवान डेनिसोविच’ छापून आलं आणि तार्कोव्हस्कीच्या ‘इवानचं बालपण’ला व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला. यात काही गूढ नाही, नावच इतकं पसरलेलं आहे, पण पान लावणाऱ्याला ही चौकट आयती मिळाली असती.

‘इवान पेत्रोविच’ म्हणजे कोण असं विचारलं तर नुसत्या दोन शब्दांत उत्तर मिळत नाही हेही खरं. कुत्र्यांच्या लाळेवर प्रयोग करणारा, १९०४ चा नोबेलवाला पाव्हलोव्ह इवान पेत्रोविच, वान्यामामा इवान पेत्रोविच, कोत्ल्यारेव्स्की इवान पेत्रोविच, आणि पुश्किनने १८३१ मध्ये ज्याच्या नावावर आपल्या कथा खपवल्या तो काल्पनिक बेल्किनही इवान पेत्रोविच. म्हणून मी म्हणतोय तिन्ही भाग द्या. तुम्ही बुनिन (१९३३ चा नोबेल) आणि तुर्गेनेव्ह दोघांनाही दुसऱ्या उल्लेखात नुसतं ‘इवान’ म्हटलंय आणि एका परिच्छेदात तर इवानने इवानचं पुस्तक वाचलं असं वाक्य आहे, मला तीनदा वाचावं लागलं. बुनिन इवान अलेक्सेयेविच, तुर्गेनेव्ह इवान सेर्गेयेविच.

झारच्या काळात सायबेरियातून पळालेले कैदी पकडले गेले की नाव विचारल्यावर सांगायचे ‘इवान’, आणि बापाचं नाव, कूळ विचारलं की ‘आठवत नाही’. ओळख लपवायची ती युक्ती. त्यावरून ‘कूळ न आठवणारा इवान’ असा वाक्प्रचारच रशियनमध्ये पडला, आजही आपली मुळं विसरलेल्या माणसाला तसं म्हणतात, आणि काहींचं ‘न आठवणारा’ हेच आडनाव होऊन बसलं. नुसतं इवान म्हणजे त्या भाषेत काय, ते यावरून दिसतं.

तर माझं मागणं एवढंच. पुढच्या रविवारी एक छोटीशी दुरुस्तीची चौकट द्या, शुखोव्ह आणि गोलोविन ही आडनावं सांगा, १५४७ नातवाच्या नावावर करा, फ्रान्कोला युक्रेनमध्ये पाठवा, रेपिनच्या चित्राखाली मुलाचं नाव घाला आणि ‘वान्यामामा’ला यादीत घ्या. ऑनलाइन आवृत्तीत ते पान अजून तसंच आहे, कालच पाहिलं, तिथे लगेच बदलता येईल. नावांची यादी तिन्ही भागांसकट मी करून ठेवलीय, हवी असेल तर कळवा, त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक